काकांचे सात ‘नाही’

“काका, तुम्ही कोंबडीचा मुका घेतला होता का?”

परदेशाहून ताप घेऊन आलेल्या कुणालातरी हा प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. शाळा सुटली की मी आईच्या हॉस्पिटलात बसते, हे त्यांना माहीत. गेल्या वर्षी मी दुकानात पेन मागायलाही लाजायचे. यंदा वक्तृत्वात पहिली आले, तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप सापडत नाही, असं बाबा म्हणतात.

आई तिथे नर्स आहे. प्रवासातून आलेल्याला ताप-खोकला असेल, तर बर्ड फ्लूचा संशय आहे का हे बघायचा अर्ज ती भरते. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, उत्तर येईल तसंच लिहायचं, भुवईसुद्धा वर करायची नाही, हा नियम.

त्या दिवशी समोर बसले ते आमचेच काका. फरशांच्या धंद्याच्या परदेशातल्या परिषदेहून परतले ते विमानतळावरून थेट इथेच, एकशे दोन ताप घेऊन. घरी काकू आणि वीस दिवसांचं बाळ. पक्ष्यांना हात लावलात? नाही. पक्ष्यांच्या बाजारात गेलात? नाही. सात प्रश्न, सात ‘नाही’. आईनं सही केली असती, तर तासाभरात बाळ काकांच्या मांडीवर असतं.

मी मास्क लावून दारात उभी होते. विचारून टाकलं.

काका भडकले. “मुका कशाला घेईन? झुंजीआधी तोंडानं पाणी फवारलं फक्त त्याच्यावर.”

कुणावर, असं आईनं विचारलं. हा प्रश्न छापील नव्हता. मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. परिषद एकच दिवस होती. उरलेले तीन दिवस काका कोंबड्यांच्या झुंजीत रमले होते. त्यांचा लाडका कोंबडा तर मेलाही होता, आणि तोही झुंजीला उतरायच्या आधीच.

आईची भुवई हलली नाही. तिनं सातपैकी पाच ‘नाही’ खोडले, काकांना वेगळ्या खोलीत नेलं, नाकाघशातले नमुने घेतले. मला हात धुवायला पाठवलं, दोनदा.

घरी का येता येत नाही, हे काकूला सांगायचं काम काकांवरच आलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साधा फ्लू. काकूचा निकाल अजून यायचाय.

जेवताना बाबा म्हणाले, निघालं काय, तर साधा फ्लू, आणि त्यापायी माझ्या भावाचा संसार टांगणीला. उद्या जाऊन माफी माग. मी न मागताच आईनं मला परत वाढलं.

“माफी मागणार नाही,” मी दोघांना सांगितलं. “आणि पुढच्या खेपेला काका परदेशातून आले, की त्यांना आणायला विमानतळावर मी जाणार, प्रश्नांसकट.”