शिशाचा डगला

स्टुडिओच्या शिवणखोलीत दोन खुंट्यांवर दोन डगले टांगलेले असत. निळ्याशार मखमलीचे, बिनबाह्यांचे, खांद्यावरून टाचेपर्यंत उतरणारे. जुळी भावंडंच जणू, आईलाही ओळखू येऊ नयेत अशी. पण त्यांची आई, म्हणजे शिवणखात्यातली ताई, त्यांना ओळखायची. डोळ्यांनी नव्हे, हाताने.

एका डगल्याच्या घेरात तिने शिशाच्या बारीक गोळ्या शिवल्या होत्या. तो हिरोचा. तलवार फिरवत तो गर्रकन वळला, की घेर वजनाने भोवती फुलावा आणि ऐटीत खाली बसावा म्हणून. दुसरा बिनशिशाचा, पिसासारखा. तो उडीचा. उडी घेताना जड घेर पायांत गुंतला, तर माणूस पाय सोडवेपर्यंत जमीन वर आलेली असते.

“अगं, एखादा खुणेचा टाका घाल,” इस्त्रीवाली मावशी म्हणायची. “उद्या माझ्याच हातून अदलाबदल व्हायची.”

“आपल्या लेकराला कुणी खूण करून ठेवतं का, मावशी? उचललं की कळतं.”

सिनेमा एका जुन्या फ्रेंच कादंबरीवर बेतलेला होता. पानोपानी तलवारी, पिसांच्या टोप्या, घोडे, आणि जिना सोडून खिडकीतून ये-जा करणारी माणसं. ताईने ती कादंबरी सबंध वाचली होती, तीही मोठ्याने. हिरोच्या जागी उड्या मारायच्या, हे तिच्या धाकट्या भावाचं काम. सगळे त्याला टोळ म्हणत. गेल्या वर्षी तो एका छपरावरून चुकीचा उतरला आणि गुडघा मोडून अख्खा हिवाळा अंथरुणाला खिळला. उशाशी बसून ती वाचायची, तो छताकडे बघत ऐकायचा. नायक सज्जातून गवताच्या गाडीत उडी घेतो, त्या जागी तो दर वेळी तिला अडवायचा.

“पुन्हा वाच.”

“अरे, दीडच ओळ आहे.”

“दीड ओळीत उतरला गडी! आणि मला बघ, एका उडीला अख्खा हिवाळा.” मग हळूच म्हणायचा, “ताई, याच्यावर कुणी सिनेमा काढला ना, तर ही उडी माझी.”

सिनेमा निघाला आणि उडी त्याचीच ठरली. पण दिग्दर्शकाने स्पष्ट सांगून टाकलं होतं: ही नीट गेली तर पुढची कामं, नाहीतर टोळाने आता जमिनीवरचं काहीतरी बघावं.

“जमिनीवर टोळ काय करणार, साहेब? गवत खाणार?” टोळ हसला होता.

ताई हसली नव्हती. गुडघा जुळला होता खरा. पण सांधलेलं भांडं पुन्हा आपटून कोण बघतं?

त्या आठवड्यात सेटवर सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती पंखेवाल्याने. मोठ्या पंख्याने वारा सोडायचं काम त्याचं, म्हणून तो वारेबुवा. हिरो वळला, की डगला फुलायच्या ऐवजी उडून त्याच्या तोंडावरच येई.

“वारा कमी कर रे!” दिग्दर्शक ओरडायचा. “हा शूर शिपाई आहे, दोरीवर वाळत घातलेली चादर नाही!”

“याहून कमी केला तर पंखा घोरायला लागेल, साहेब.”

ताईच्या कानावर हे आलं होतं. पण तिचं चित्त होतं उडीच्या डगल्यात. त्या दिवशी सकाळी ती त्याची गळपट्टी पुन्हा एकदा पक्की करत बसली होती, आणि ओठांवर आपसूक आलं होतं:

सुई पुढे पुढे जाते, दोरा मागून धावतो,
भाऊ उंच उंच जातो, जीव खाली गं राहतो.

तेवढ्यात राणीची बाही उसवल्याचा निरोप आला. डगला इस्त्रीला मावशीच्या हाती देऊन ती धावली. परतली तेव्हा मावशी डगला सेटवर पोचवून आलेली. खुंटीवर एकच उरला होता. ताईने झटकायला म्हणून तो उचलला.

हात अलगद वर गेला. वजन नाहीच.

“मावशी, कोणता नेलास?”

“उडीचाच की. दोन्हींना इस्त्री केली, टांगले, आणि...” मावशी थबकली. “डावीकडचा ना गं उडीचा?”

ताई उत्तर द्यायला थांबली नाही. रंगाच्या डब्यांवरून, पुठ्ठ्याच्या दगडांवरून, लाकडी घोड्याला वळसा घालून ती धावली. सेटच्या दारावर लाल दिवा लागलेला. तो लागला की आत पाऊल टाकायचं नाही, शिंकसुद्धा गिळायची. ताईने हा नियम जन्मात मोडला नव्हता. तिने दार ढकललं.

वर सज्जाच्या कठड्यावर तिचा भाऊ, गुडघे वाकवलेला. खाली गवताची गाडी.

“थांब रे!”

पंखा थांबला. कॅमेरा थांबला. टोळ कठडा धरून तसाच लटपटत उभा राहिला.

“कोण आहे ते? दिवा दिसत नाही?” दिग्दर्शक गरजला.

“त्याच्या डगल्यात शिसं आहे!” असं म्हणत ती लाकडी जिना चढलीसुद्धा. भावाला कठड्यावरून खाली ओढलं आणि घेर मुठीत धरला. बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. मऊ मखमल, तिचेच बारीक टाके. एक गोळी लागेल तर शपथ.

“ताई, गुदगुल्या होतात गं.”

“यात नाही शिसं.”

“मग ओरडलीस कशाला?”

“खुंटीवरच्यातही नाही!”

“वा!” दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. “मग गेलं कुठे? उडून गेलं?”

खाली खुर्चीत बसलेल्या हिरोने घसा खाकरला. एवढा मोठा माणूस, पण चेहरा शाळेत कान पकडून उभं केल्यासारखा.

“ते मी काढलं. घोट्यांवर टकाटक लागायचं हो! मग घेर उसवला, गोळ्या काढल्या, आणि परत शिवूनही टाकला.”

“तुम्ही शिवला?” ताईला आता त्याचंच जास्त लागलं.

“आईने बटण लावायला शिकवलं होतं.”

आधी वारेबुवा हसला. कमरेवर हात ठेवून, पोटातून. “साहेब, माझी आठवडाभराची बोलणी तेवढी परत घ्या.”

“घेतली बाबा, सगळी घेतली,” दिग्दर्शक म्हणाला, आणि त्यालाही हसू आवरेना.

ताई जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. डोळे भरून आलेले आणि ओठ हसत होते. टोळ शेजारी टेकला.

“तुझी उडी मोडली रे मी.”

“मारलीच नव्हती, तर मोडेल कशी? बरं झालं आलीस. वरून खाली बघितलं, आणि ती दीड ओळ काही केल्या आठवेना.”

ताईने डोळे पुसले. “‘त्याने डगला सावरला, वाऱ्याला मान तुकवली, आणि कुणी हाक मारायच्या आत तो गवतात उतरला होता.’”

“हां. कुणी हाक मारायच्या आत,” तो तिच्याकडे बघून म्हणाला. “आता मारू नकोस म्हणजे झालं.”

तिने मनगटावरच्या टाचणगादीतून सुई काढली, लाल दोरा ओवला, आणि त्याच्या गळपट्टीच्या आत एक टाका घातला. दारात मावशी उभी होती. तिने भुवया उंचावल्या. ताईने मान खाली घालून दोरा दाताने तोडला.

लाल दिवा पुन्हा लागला. वारा सुटला. टोळाने डगला सावरला, मान तुकवली, आणि निळी मखमल क्षणभर हवेत पसरली.

गवत उसळलं आणि हळूहळू बसलं. आत काही हलेना. कॅमेरा चालूच होता, कुणाला ब्र काढायची सोय नव्हती. ताईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मग गवतातून एक सणसणीत शिंक आली.

“झालं!” दिग्दर्शक ओरडला. “सुरेख झालं! शिंक कापून टाकू!”

अंगभर काड्या घेऊन टोळ गाडीतून उतरला. आधी एक पाय, मग दुसरा. दोन्ही पाय जमिनीवर सारखेच टेकले. दिग्दर्शक पाठीवर थाप मारून म्हणाला, “पुढच्या आठवड्यात गच्ची आहे. जमेल ना?” टोळाने ताईकडे पाहिलं. ताईने वरच्या बाजूला, छताकडे पाहिलं, मग होकाराची मान हलवली.

संध्याकाळी शिवणखोलीत हिरो स्वतः गोळ्या घेऊन आला, पावडरीच्या डब्यात लपवल्याने पांढऱ्या झालेल्या. ताईने त्याचे टाके उसवले, आणि उसवता उसवता म्हणाली, “बटणापुरतं ठीक आहे हो.” मग घोट्याशी टोचू नये म्हणून गोळ्यांखाली कापसाची पट्टी घातली.

घरी जाताना टोळ पुढे होता, शीळ घालत. ती मागे. ती त्याची पावलं ऐकत होती. डावं, उजवं. डावं, उजवं. कुठलंच अडखळत नव्हतं.