भिकनचं नाक

बहादरपूरच्या वखारीत केळी पिकायला घातली, की कोणता घड उद्या पिवळा पडेल हे भिकन दारातूनच हुंगून सांगायचा. शाहपूरकडे प्लास्टिक घातलेल्या डांबराचा रस्ता निघाला, तेव्हा मुकादम दगा पाटलानं नेमकं तेच नाक उचललं. घडांवरच्या पिशव्या, दुधाच्या थैल्या गरम खडीवर वितळवायला चालतात. पाण्याच्या कडक पाइपाच्या जातीचं प्लास्टिक पडलं तर विषारी धूर सुटतो. मग भिकननं भंगार प्लास्टिकच्या प्रत्येक पोत्यातला तुकडा पेटवायचा, हुंगायचा आणि कोणतं ते सांगायचं. मशीन मागवायचं सोडून माणसाचं नाक जाळायची ही अक्कल! वर साहेब आले की दगा ऐटीत म्हणायचा, "हेच आपलं मशीन, साहेब."

दोन उन्हाळे भिकननं तो धूर हुंगला. मग एक दिवस घरी चुलीवरची डाळ जळून कोळसा झाली, आणि हा शेजारीच बिडी ओढत बसलेला. बायको सोजरबाई नाल्यापलीकडच्या शेतातून धावत आली.

दुसऱ्या दिवशी तो दगासमोर हात जोडून उभा राहिला. "भाऊ, नाक गेलं माझं. काहीच वास येत नाही." डाळीची गोष्टही त्यानं सांगून टाकली.

दगानं जरा विचार केला. "मग खडीच्या भट्टीवर जा. तिथं धुरानं कोणी टिकत नाही. तुला आता काय तकलीफ?"

भिकननं मान डोलावली. तो वळला, तेवढ्यात दगानं हाक मारली.

"आणि ऐक. सोजरबाईला नाल्यापलीकडून वास आला म्हणतोस? उद्या घेऊन ये तिला."