बिनफोडणीचं वरण

माझ्या घरातली फोडणी बंद झाली ती माझ्या सुनेच्या हुकमानं. स्वयंपाकघरात दुसऱ्याचं ऐकायची मला सवय नाही. सासूचंसुद्धा मी ओट्याच्या अलीकडेच ऐकून घेत असे. पण त्या दिवशी नूपुर दवाखान्यातून आली, पर्स खुर्चीवर टाकली, तेलाचा डबा आणि तुपाची बरणी वरच्या फळीवर ढकलली आणि दूधवाल्याला फोन करून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी कणकेचे हात तसेच घेऊन बघत राहिले.

"आई, बाबाले आता तेल, तूप, दूध, दही काहीच द्यायचं नाही. अंडं-मटणाचं तर नावच नको. त्यांच्या स्वादुपिंडाले सूज आहे. तेलाचा थेंब पोटात गेला का दुखणं सुरू होते."

"अन् फोडणी?"

"फोडणी तेलाचीच राहते ना, आई. अन् वासानंही त्यांना मळमळते. आपण सगळेच तसं खाऊ काही दिवस."

सगळेच! म्हणजे अख्ख्या घराची फोडणी बंद. माझं तर डोकंच फिरलं.

आमच्यात घरात कोणी गेलं की सुतक फिटेपर्यंत फोडणी देत नाहीत. कढई चुलीवर चढत नाही, वरण नुसतं शिजवून मीठ घालून वाढतात. पारशिवनीला माझ्या माहेरी आई म्हणायची, जित्या माणसाच्या घरातून फोडणीचा वास आला पाहिजे. लहानपणापासून हे कानावर पडलेलं. आणि इथं माझा नवरा पलंगावर जिताजागता बसलेला, पेपर वाचतोय, पंख्याचा आवाज येतो म्हणून पोरावर खेकसतोय, आणि त्याच्यापुढे मी सुतकातलं जेवण ठेवू? अशानं तर आपणच यमाला पत्ता देतो. मी नूपुरला हे सगळं बोलून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि कुकर लावला. तिचं हेच मला सहन होत नाही. भांडणाला समोरचं माणूसही भांडणारं लागतं.

यांनी, म्हणजे गणपतरावांनी, सारी जिंदगी कळमन्याच्या बाजारात धान्याची दलाली केली. घरात पैसा कधी फार टिकला नाही, पण कोठ्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. तूर, मूग, बरबटी म्हणजे चवळी, ज्वारी, सगळं हातात घेऊन, दाताखाली फोडून आणलेलं. दवाखान्यानं घर धुऊन नेल्यावर पियूष, आमचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आई, सध्या बाहेरून काही आणाले जमत नाही. घरात आहे त्यातच भागवू." त्यावर नूपुरनं पदर खोचला. म्हणजे ओढणी. पदर असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर पोरगी हुशार आहे. हे मी तिच्या तोंडावर अजून म्हटलेलं नाही. लसूण ती कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायची, टोमॅटो गॅसच्या जाळावर धरून त्याची साल काढायची, जिरं भाजून दगडी खलात कुटायची. माझ्या उन्हाळ्यातल्या मुंगवड्या तेलात न परतता नुसत्या भाजून त्या टोमॅटोच्या पाण्यात शिजवायची. तुरीच्या डाळीचे फुणके वाफवायची, ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून त्यात वाळलेल्या अंबाडीची चिमूट टाकायची. आज रात्री काय, उद्या सकाळी काय, हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं. ना दूध, ना तूप, ना तेल, आणि तरी ताट रिकामं दिसायचं नाही. पण तेलाशिवायची चव म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. वाजंत्री वाजते, मागून कोणी येत नाही.

आणि हे महाशय ते खायचे! आयुष्यभर माझ्या भाजीत मीठ कमी आणि तर्री पातळ म्हणणारा माणूस सुनेनं वाढलेल्या त्या पिवळ्या पाण्यात भाकर कुस्करून म्हणायचा, "नूपुर, मस्त झालं वं." मला त्या पोरीचा हेवा वाटत होता, आणि हेवा वाटतो याची लाजही वाटत होती.

एक दिवस खालच्या मजल्यावरची प्रेमलता दार वाजवून आत आली. हातात झाकलेलं ताट. "इंदुताई, तुमच्या घरून स्वयंपाकाचा वासच येत नाही आजकाल. म्हटलं, आजाऱ्याच्या धावपळीत तुमाले वेळ भेटत नसंन. थोडं पिठलं अन् भाकर आनली."

पिठलं-भाकर! मयताच्या घरी शेजारी कडू घास म्हणून जे नेतात, नेमकं तेच. बिचारीच्या मनात काही नव्हतं, घरात बेसन होतं म्हणून तिनं पिठलं केलं, एवढंच. पण माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"माह्या घरी कोणी मेलं नाही वं, प्रेमलता. ने ते परत."

ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली आणि ताट घेऊन गेली. गणपतराव आतून म्हणाले, "काहून तिच्यावर भडकून राहिली? मायेनं आनलं होतं बिचारीनं." मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी एक काम सुरू केलं. नूपुर शाळेत शिकवायला गेली आणि यांचा डोळा लागला की त्यांच्या खोलीचं दार लावून घ्यायचं, स्टूल घेऊन वरच्या फळीवरून तेल काढायचं आणि रिकाम्या कढईत फोडणी करायची. मोहरी, हिंग, दोन लाल मिरच्या. त्यात काही टाकायचं नाही. बाहेरचं दार मात्र उघडं ठेवायचं, म्हणजे वास जिन्यात उतरावा, खाली प्रेमलतेपर्यंत जावा, आणि ज्या कोणाला समजायला हवं त्याला समजावं की हे घर चालू आहे. ती फोडणी मी मग माझ्या भातावर घेत असे. घशाखाली उतरत नसे, पण अन्न वाया कसं घालवणार?

नूपुर एकदा लवकर घरी आली आणि मी पकडली गेले.

"आई, हे काय करून राहिल्या? कढईत काहीच नाही."

"त्यांच्या पोटात थेंब गेला नाही, तुझी शपथ. पण हा वास नसला का मले भीती वाटते, नूपुर. लय भीती वाटते."

मला वाटलं होतं, आता ही डॉक्टरचं कायबाय ऐकवेल. पण ती म्हणाली, "खोलीच्या दाराखाली कपडा लावत जा, म्हणजे आत वास जाणार नाही." त्या दिवशी पहिल्यांदा ती मला माझी वाटली.

दिवाळी झाली. गणपतराव वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून घसरायचा. मी म्हणायचे, तुपाशिवाय माणसाचं असंच होतं, सूज उतरली की भरून येतील. पियूष मान डोलवायचा.

मग परवा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद बघितले, पियूषला आत घेतलं, दार लावलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं डॉक्टर स्वतः बाहेर आले, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "काकाजी, आता पथ्य-बिथ्य काही नाही. मन करेल ते खायचं. काकू, खाऊ घाला त्यांना."

मी तिथंच हात जोडले. पथ्य सुटलं! मी काय म्हणत होते? सूज उतरली! ऑटोत मी अखंड बोलत होते. वरण करते, लसणाची खमंग फोडणी देते, वर चमचाभर तूप. उद्या वर तेल ओतून गोळाभात. रविवारी मटण. गणपतराव बाहेर बघत होते. पियूष ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्याची पाठ तेवढी मला दिसत होती. जिन्यात प्रेमलता भेटली, तर झालं-गेलं विसरून मी तिचा हात धरला. "पथ्य सुटलं वं यांचं!" तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

मी गॅस पेटवला. डाळ शिजवून घोटली. तेलासाठी स्टूल ओढलं, तर नूपुर आधीच पुढे झाली. पियूष तिच्याशी बाहेर काहीतरी बोलला होता. तिनं हात वर करून तेलाचा डबा काढला. तुपाची बरणी काढली, झाकण पुसलं आणि माझ्यासमोर ठेवली. महिनोन् महिने अर्धा चमचासुद्धा न देणारी ही पोरगी, आणि आज स्वतःच्या हातानं बरणी देत होती.

"काहून वं, आज बरणी फळीवर ढकलत नाही?" मी तिला चिडवलं.

तिनं नळ सोडला आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुवायला लागली.

तेल तापलं होतं. मी मोहरी टाकली, ती तडतडली, आणि तेवढ्यात मला सगळं समजलं. रोग्याला सगळं खायला कधी सांगतात हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या वडिलांच्या वेळी नाही का वैद्य असंच म्हणाले होते? पण आपल्या माणसाच्या बाबतीत अक्कल गहाण पडते.

"सूज नव्हती ना ती?"

नूपुरनं नाही म्हणून मान हलवली. "गाठ आहे, आई. पहिल्यापासून."

मोहरी करपत होती. मी गॅस बंद केला नाही. लसूण टाकला, मिरची टाकली आणि फोडणी वरणावर ओतली. दुसरं काय करणार होते? जो आवाज ऐकायला मी जीव टाकत होते तो झाला, आणि तो मला ऐकवेना. ताट वाढलं. भात, वरण, वर तूप. डोळे पुसून आत नेलं.

गणपतराव उठून बसले. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे नको."

"अहो, डॉक्टरनं सांगतलं ना, सगळं खा म्हणून."

"सांगतलं. अन् मले समजलं. कळमन्यात लय पायलं मी. हातचा माल सोडून द्याचा असला का दलाल असाच खांद्यावर हात ठेवून गोड बोलते." त्यांना दम लागला होता. "तू मले ते नूपुरचंच दे. बिनफोडणीचं. ते खातो तवा वाटते, इलाज चालू हाये माहा."

मी ताट घेऊन स्वयंपाकघरात परत आले. नूपुर भिंतीला टेकून उभी होती. मी ते वरण झाकून ठेवलं आणि दुसरी वाटीभर डाळ धुवायला घेतली.

"नूपुर, जिरं किती भाजू वं? काळं झालं का कडू लागते ना?"

ती माझ्याजवळ आली. आम्ही दोघींनी मिळून ते वरण केलं. लसूण कोरडा भाजला, जिरं कुटलं, मीठ बेतानं घातलं. माझ्या जित्या नवऱ्यासाठी मी माझ्या हातानं बिनफोडणीचं वरण केलं आणि चमच्यानं त्यांना भरवलं. रोजच्यापेक्षा दोन घास ते जास्त जेवले. तोंड पुसून दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या काय करशीन?"

"बरबटी," मी म्हटलं. आणि लगेच जाऊन ती भिजत घातली.