शनी लेआउट

सिप्पोराबाईंचं नाव नागपुरात धडपणे कुणाला घेता आलं नाही. भाजीवाली 'सुपारीबाई' म्हणायची, आणि दूधवाला नुसतं 'वैनी' म्हणून सुटका करून घ्यायचा. बाई मूळच्या अलिबागकडच्या. नवरा शालोम नागावकर सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून विदर्भात आला, रिटायर झाला, आणि गुमान समुद्राकडे परत जायचं सोडून कोराडी रोडला जमीन घेऊन बसला. तिथे त्याने बारा घरं बांधायला काढली. का, तर म्हणे शहर याच बाजूला वाढणार. जसं काही शहराने त्याच्या कानात येऊन सांगितलं होतं!

घरं मात्र देखणी झाली. भिंतीला भिंत लागलेली जोडघरं, ऐसपैस खिडक्या, मागे एकेक संत्र्याचं झाड. पहिल्या घरात नागावकर स्वतः राहायला आले. उरलेल्या अकरांत चिमण्या राहायला आल्या.

भानगड होती शनिवारची.

नागावकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ लागायचा, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात काम नाही, चूल नाही, व्यवहाराचा शब्द नाही. सगळं नागपूर रविवारी लोळत असे तेव्हा यांच्या साइटवर उरल्यासुरल्या कामाची घमेली वाजत, आणि शनिवारी सगळीकडे ठोकाठोक चालली असता इथे सामसूम. लोक विचारणारच. शालोमने आधी खरं सांगून पाहिलं.

"आम्ही ज्यू आहोत."

"झू? म्हंजे महाराजबागेतलं?" घरांचा दलाल भैय्याजी भलताच खूश झाला. "वाघ-अस्वलं तुमच्याच हाताखाली होते का गा?"

यापुढे काय बोलणार, कपाळ! शालोमने समजावणं सोडून दिलं. कुणी विचारलं की "शनिवार आमचा पाळायचा वार" एवढंच म्हणे. मिस्त्री धोंडबाने त्याचा अर्थ लावला की साहेब शनिदेवाचे कडक भक्त आहेत. पुढच्या शनिवारी फाटकाजवळच्या काळ्या दगडावर तेल पडलं. त्याच्या पुढच्या शनिवारी रुईची माळ आली.

"कोकणात आमचा आजा घाण्यावर तेल काढायचा," सिप्पोराबाई करवादल्या. "शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं. तिथे निदान तेल विकत तरी होतो. इथे आम्हालाच तेल वाहायला लागले! अहो, सांगा की लोकांना सरळ."

"दगडाला वाहतात, तुला नाही," शालोम म्हणाला आणि त्याने पेपरात तोंड खुपसलं.

पण हसण्यावारी न्यायचे दिवस फार टिकले नाहीत. वस्तीला नावच पडलं, शनी लेआउट. गिऱ्हाईक यायचं, खिडक्या उघडून बघायचं, नळ सोडून बघायचं. बायको स्वयंपाकाच्या ओट्यावर हात फिरवून "छान आहे हो" म्हणायची. मग पान खायला म्हणून कोपऱ्यावर गेलं की तिथे कुणीतरी वस्तीचं नाव सांगायचं, आणि गिऱ्हाईक तिथूनच पसार.

"साडेसाती काय आंगणात बांधून ठेवाची लोकायनं?" भैय्याजी म्हणाला. "माझं ऐका साहेब. एक शनिवार काम चालू ठेवा. चार लोकांले दिसू द्या. सारं मिटून जाते."

शालोम लगेच नाही म्हणाला नाही, आणि त्यानेच बाईंना धास्ती वाटली. जेवताना मात्र तो म्हणाला, "शब्बाथ मी मोडणार नाही. पण दिवाळीपर्यंत एकही घर गेलं नाही, तर हा पसारा भैय्याजीच्या गळ्यात घालू आणि तुझ्या भावाकडे इस्राएलला, अश्दोदला जाऊ. तिथे शनिवार कुणाला समजावून सांगावा लागत नाही."

सिप्पोराबाईंना जायचं नव्हतं. कोकण सोडताना रडून झालं होतं. तेवढं पुन्हा रडायची त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांना फक्त शेजार हवा होता. अकरा रिकाम्या घरांच्या सोबतीने राहून त्या स्वतःशीच बोलायला लागल्या होत्या, आणि बोलणं कसलं, भांडणच.

दिवाळीआधीच्या शेवटच्या शनिवारी भरदुपारी फाटक वाजलं. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेला देवाजी मेश्राम आणि त्याची बायको सिंधूताई दारात उभे.

"लोक म्हनतात हे शनीचं लेआउट," देवाजी म्हणाला. "आमी बौद्ध आहो. शनी-बिनी मानत नाई. घर पायजे."

शालोम खुर्चीतून ताडकन उठला. इतक्या महिन्यांत पहिलं खरं गिऱ्हाईक, आणि वार कुठला, तर शनिवार!

"उद्या या ना," सिप्पोराबाई घाईघाईने म्हणाल्या. "आज आम्हाला व्यवहाराचं बोलता येत नाही."

देवाजीचा चेहरा एकदम उतरला. "चाल वं," तो बायकोला म्हणाला. मग बाईंकडे वळून आवाज न चढवता म्हणाला, "बाई, 'उद्या या' आमाले नवं नाई. आडनाव आयकलं का लोक उद्या या म्हनतात. उद्या गेलं का घर गेलेलं असते."

सिप्पोराबाईंना लाज वाटली आणि संतापही आला: कधी न पाहिलेल्या त्या घरमालकांचा, स्वतःच्या जिभेचा, आणि इतके दिवस गुळमुळीत बोलत राहिलेल्या नवऱ्याचा. त्या सरळ फाटकात जाऊन आडव्या उभ्या राहिल्या.

"मग जाऊच नका!" त्या म्हणाल्या. "आमचा देव शनी नाही. सहा दिवस काम करायचं आणि सातव्या दिवशी विसावा घ्यायचा, एवढंच आमचं आहे. आकाशात तीन चांदण्या दिसल्या की दिवस सुटतो. तोवर इथे बसा, जेवा. तुमच्या डोळ्यांदेखत घर कुठे जातंय ते बघतेच मी!"

देवाजी चक्रावला. सिंधूताई मात्र चपला काढून मोकळी झाली. "पाय दुखून राह्यले माझे," ती म्हणाली. "थांबू."

जेवण कालचंच, गार. नारळाच्या रसातला मासा देवाजीने आधी संशयाने चाखला आणि मग दोनदा मागून घेतला. चहाची वेळ झाली तरी बाई हलेनात. आज चूल पेटवता येत नाही, असं त्यांनी ओशाळून सांगितलं.

"मले तं येते," म्हणत सिंधूताईने पदर खोचला आणि आपल्यापुरता, नवऱ्यापुरता चहा केला. शालोम वासावरच समाधान मानून बसला.

संध्याकाळी चौघं गच्चीवर गेले. दोन चांदण्या चटकन सापडल्या. तिसरी काही दिसेना.

"तुमच्या कोराडीचा धूर आडवा आला," शालोम कुरकुरला. मग एकदम ओरडला, "ती बघा!"

"अहो, ती चालतेय," बाई म्हणाल्या. "विमान आहे ते."

देवाजी इतका हसला की त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला. तेवढ्यात सिंधूताईने संत्र्याच्या झाडांच्या वर बोट दाखवलं. तिथे तिसरी होती. शालोम डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि देवाजीकडे वळला.

"अकरा घरं आहेत. कुठलं पाहिजे?"

"असं कोनी इचारलं नाई आजपावतर," देवाजी म्हणाला. "जे उरलं ते घ्या म्हनतात." त्याने बायकोकडे पाहिलं. "सांग वं तूच."

"याईच्या भिंतीले लागून हाय ते," सिंधूताईने क्षणही लावला नाही. "हाक मारली का आयकू आली पायजे."

सिप्पोराबाई तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडायला लागल्या. शालोम घाबरला. सिंधूताईने त्यांचा दंड धरला.

"काहून रडून राह्यल्या, बाई?"

"विचारायला कुणीतरी आलं," सिप्पोराबाई म्हणाल्या, "म्हणून."