काचेआडची मावशी

मुलं खोटं बोलायला कधी शिकतात, यावर प्राध्यापकबाईंनी अठरा वर्षं संशोधन केलं होतं. त्या दिवशी वर्गाला प्रयोग दाखवायला त्यांनी बहिणीच्या चार वर्षांच्या लेकीलाच आणलं आणि एका खोलीत तिच्यापुढे बंद डबा ठेवला. "डब्यात डोकावायचं नाही हं," असं बजावून त्या बाहेर गेल्या आणि विद्यार्थ्यांसोबत काचेआडून पाहू लागल्या. पोरीने लगेच झाकण उघडून आतला खेळण्यातला हत्ती पाहिला.

बाई परतल्या. "डोकावलीस का गं?"

"मावशी, काचेमागे तुझा चष्मा चमकत होता. तू बघत होतीस ना? मग मला कशाला विचारतेस?"

पलीकडे हशा पिकला. बाईंनी चक्क कान पकडले. "बघत होते गं. चुकलंच माझं."

"असू दे," भाची समजुतीने म्हणाली. "मीपण डोकावले."