ताणलेली नळी

लेक-जावई डोंगरात निघायला तयार होते. त्यांच्यासाठी म्हाताऱ्याने आपली जुनी स्टेशन वॅगन स्वस्तात उंच केली होती: स्प्रिंगांवर ठोकळे, भंगारातली मोठी चाकं. शेवटचं बघावं म्हणून त्याने जॅक लावला, मागचं चाक अधांतरी लोंबलं आणि तो गाडीखाली सरकून बघू लागला. एरवी सैल दिसणारी ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणली होती; गाडी उंच झाली, नळी तेवढीच राहिली होती. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती तुटली असती.

“बाबा, गाडीखाली झोप लागली का?” लेक म्हणाली.

“ब्रेक जाईल,” तो कसाबसा बोलला.

जावई हसला. “काल तर कुठलाही डोंगर चढेल म्हणत होतात.”

“चढेल हो, जावईबापू. उतरताना थांबणार नाही.”

जावयाचं हसू मावळलं. म्हाताऱ्याने किल्ली खिशात टाकली.