विनायकच्या कादंबरीचा शेवट

श्यामकांतने पेनात शाई भरली, निब फडक्याला पुसली आणि विनायकच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण पुढ्यात ओढलं. कोलकात्यातल्या बालीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारीच वीज गेली होती. घाम कागदावर पडू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून तो लिहीत होता.

तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातल्या हस्तलिखित अंकाची प्रत एकच असायची. ती टेबलावर मांडायची आणि विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी त्यातलं काही वाचून दाखवायचं. श्यामकांत पुण्याहून बदली होऊन आला, तेव्हापासून पहिलं पान त्याच्या कथेचं. यंदा संपादक सरलाताईंनी ती साभार परत केली आणि अख्खा अंक विनायकला दिला. वर म्हणाल्या,

"तुमचं अक्षर मोत्यासारखं. तुम्हीच उतरवा. जन्म इथलाच त्याचा, मराठी जरा अडखळतं. भाषेवरून हात फिरवा तेवढा."

श्यामकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नाही म्हणावं, तर जळतोय हे उघड झालं असतं. आणि तो जळतच होता.

कादंबरी दूरच्या ग्रहावरच्या निळ्या जीवांची होती. त्यांच्या आसवांचं औषध होतं, म्हणून पृथ्वीवरची एक कंपनी त्यांना रांगेत उभं करून रडवते. एक तरुण वकील त्यांचा खटला लढते, जिंकते, फाटक उघडतं आणि सगळे जीव नाचत घरी जातात.

नाचत! या माणसासाठी आपल्याला डावललं? श्यामकांतने विनायकची शेवटची दोन पानं बाजूला सारली. सणासुदीला लोकांना गोड शेवट लागतो. तो नासवला की विनायकचं हसं होणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने लिहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी वकील फाटकाशी आली, तर सगळे जीव आपापली आसवांची वाटी घेऊन रांगेत उभे. कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आज तुमच्यासाठी रडायचं का?"

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी, विनायकनेच शेवट बदलला असं समजून सरलाताईंनी ते पान वाचलं, तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मागच्या रांगेत श्यामकांत हशाची वाट बघत होता. फोर्ट विल्यममधल्या एका मेजरच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. विनायक उठला. त्याचा चेहरा क्षणभर पार गोंधळला होता. पण त्याने हात जोडले आणि सगळीकडे वळून नमस्कार केला.

माझं आहे ते, हे श्यामकांतच्या अगदी ओठांवर आलं. पण दुसऱ्याच्या कादंबरीत ते शिरलं कसं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

जिन्यात विनायकने त्याला गाठलं.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"बरं केलंस." विनायकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरी डोक्यात आहे, पुढच्या वर्षासाठी. शेवटचं प्रकरण मी लिहीतच नाही, तू बघ. नाव मात्र... आता सगळ्यांना माझंच ठाऊक झालंय ना."

श्यामकांतने सरळ नाही म्हणायला तोंड उघडलं. वर सभागृहात अजून कुणीतरी त्या शेवटाबद्दलच भरभरून बोलत होतं. तो कठड्याला धरून ऐकत राहिला.

"कागद जरा जाड आण," तो म्हणाला. "याच्यावर शाई फुटते."